मुंग्या नेमक्या कुठल्या बोटाला? कणा आणि नसा समजून घेताना

कंबरेत उसण भरली की गोव्यात उपाय सांगणाऱ्यांची वानवा नसते. कुणी खोबरेल कोमट करून चोळायला सांगतो, कुणी 'मणका बसवून देणाऱ्या' माणसाचा पत्ता देतो, कुणी थेट एमआरआय काढून मोकळं व्हायला सांगतो. घरातलं वडीलधारं माणूस तोवर गावात पायाळू कोण आहे याची चौकशी करू लागतं, पाठीला त्याचा पाय लावून घ्यायला. चारही उपायांचे चाहते असतात, कारण साधी उसण बहुतेकांची दोन ते सहा आठवड्यांत उतरतेच. त्या काळात जो उपाय शेवटी केला, त्याच्या नावावर गुण जमा होतो.

आता यात आणखी एका दाव्याची भर पडली आहे. मणके ओळीत नसले की नसा दबतात, नसा दबल्या की पचन, बीपी, दमा, झोप सगळं बिघडतं. तेव्हा कणा सरळ करून घ्या, तब्येत आपोआप सुधारेल. या दाव्यातला एक तुकडा खरा आहे आणि तो गंभीर आहे. उरलेला ताणून ताणून लांब केलेला आहे. खरा कुठला आणि ताणलेला कुठला, हे कळायला कण्याची रचना थोडी बघावी लागते.

कण्यात काय काय आहे

मणके मोजायचे तर 33. मानेत 7, छातीच्या मागे 12, कंबरेत 5, त्याखालचे 5 एकमेकांना जुळून झालेलं त्रिकास्थी, आणि शेवटचे साधारण 4 मिळून माकडहाड. त्यातले हलणारे 24. त्यांच्यामध्ये चकत्या 23, कारण मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसतेच. चकतीच्या मध्यभागी पाणीदार गर असतो आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट कडी असतात. मोठ्या माणसाच्या चकतीला जवळजवळ रक्तपुरवठा नसतो. तिला अन्नपाणी शेजारच्या हाडातून झिरपून मिळतं, म्हणून ती हळू बरी होते. रात्री आडवं झाल्यावर ती पाणी शोषून फुगते. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळे.

मणक्यांच्या मागच्या बोगद्यातून मज्जारज्जू उतरतो. तो सुमारे 42 ते 45 सेंटिमीटर लांब असतो आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली बोगद्यात असतो तो सुट्या नसांचा झुबका, ज्याला वैद्यकात घोड्याच्या शेपटीचंच नाव दिलं आहे. हा तपशील उपयोगाचा आहे: कंबरेची सर्वाधिक निसटणारी चकती म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यामधली किंवा पाचव्या मणक्याखालची, आणि तिथे मज्जारज्जू नसतोच. तिथे दबते ती एखादी नस. मानेत आणि छातीमागे मात्र दाब आला तर तो थेट मज्जारज्जूवर येऊ शकतो. म्हणून मानेची गोष्ट कंबरेच्या गोष्टीपेक्षा वेगळी धरायची.

मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात आणि मणक्यांमधल्या फटींतून बाहेर पडतात. प्रत्येक नसेचं मूळ दुहेरी असतं. मागच्या भागातून संवेदना आत येते, पुढच्या भागातून स्नायूंना हुकूम जातो. एकाच नसेवरच्या दाबाने कुणाला फक्त मुंग्या येतात, तर कुणाचं फक्त पाऊल लुळं पडतं, ते यामुळे.

'सरळ कणा' म्हणताना समोरून सरळ असं धरा. बाजूने पाहिलं तर कण्याला बाक हवेतच: मानेला आत, छातीमागे बाहेर, कंबरेला पुन्हा आत. एक्स-रेच्या कागदावर 'मानेचा नैसर्गिक बाक कमी झाला आहे' असं लिहून आलं की लोक घाबरतात. मान धरलेली असताना स्नायू आवळतात आणि बाक तात्पुरता कमी दिसतो. काही न दुखणाऱ्या माणसांतही तो कमी सापडतो. समोरून पाहिल्यावर कणा 10 अंशांपेक्षा जास्त कलला असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. 10 ते 14 वर्षांच्या मुलींकडे यासाठी एकदा लक्ष द्यावं. मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढीच्या वयात 25 अंशांच्या पुढचा बाक पट्ट्याने अडवता येतो; तो 45-50 च्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. दप्तराच्या ओझ्याने पाठ दुखते, पण स्कोलिओसिस होत नाही.

हृदय, पोट, बीपी

आता तो ताणलेला भाग. हृदय, फुप्फुसं, जठर आणि बरंचसं आतडं यांचा वेग सांभाळणारी मोठी नस म्हणजे व्हेगस. ती मेंदूच्या खोडातून निघते, कवटीच्या तळाच्या भोकातून बाहेर पडते आणि मानेतल्या मोठ्या धमनीला चिकटून छातीत उतरते. मणक्यांच्या फटींतून ती जातच नाही. मणका कितीही 'बसवला' तरी तिच्यावरचा दाब कमी होणार नाही, कारण तिथे दाब नव्हताच.

दुसरी बाजू, म्हणजे धडधड वाढवणाऱ्या, घाम आणणाऱ्या नसा, मात्र छातीच्या पहिल्या मणक्यापासून कंबरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या फटींतून निघतात. पण त्या बाहेर पडल्याबरोबर कण्याच्या दोन्ही बाजूंच्या साखळीत मिसळतात आणि एकेका अवयवाला अनेक पातळ्यांवरून धागे मिळतात. एक फट अरुंद झाली म्हणून पोट बंद पडत नाही. याहून मोठा पुरावा हृदयरोपणात आहे. रोपणात हृदयाच्या सगळ्या नसा कापल्या जातात आणि तरी नवं हृदय छातीत चालू राहतं. विसावल्यावरही ठोके मिनिटाला 90-100 च्या घरात राहतात, एवढाच ठळक फरक.

मणके बसवून सगळे आजार बरे करण्याची कल्पना 1895 साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी मांडली. एका बहिऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबल्यावर त्याला ऐकू येऊ लागलं, असं ते सांगत. कानाची नस मेंदूतून कवटीच्या हाडातूनच कानात जाते. ती पाठीतच काय, मानेतही उतरत नाही.

खरा तुकडा हा: लघवी, शौच आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या नसा त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीवरून येतात. कंबरेच्या बोगद्यात मोठी चकती फुटून त्या चिरडल्या, तर ही कामं खरोखर थांबतात. आणि मज्जारज्जू छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर तुटला, तर तुंबलेल्या मूत्राशयासारख्या साध्या कारणानेही बीपी जीवघेणं वाढू शकतं. कण्याचा तब्येतीशी थेट संबंध असतो तो इथे. दुसरा संबंध आडवाटेचा आहे, पण भेटतो जास्त: पाठ दुखते म्हणून चालणं सुटतं, झोप तुटते, वजन आणि साखर वाढते, माणूस चिडचिडा होतो.

पायातली कळ वाचायची कशी

नस दबली की दुखणं त्या नसेच्या ठरावीक पट्ट्यात उतरतं. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखत असेल, कळ गुडघ्याच्या खाली जात असेल, खोकताना-शिंकताना करंटसारखी उठत असेल, तर ती सायटिका असण्याची शक्यता मोठी. मग पुढचा प्रश्न: कुठल्या बोटाला?

अंगठ्याकडे आणि पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येत असतील, अंगठा वर उचलताना जोर कमी पडत असेल, तर कंबरेची पाचवी नस. करंगळी, पावलाची बाहेरची कड आणि तळवा असेल, टाच उचलून उभं राहता येत नसेल, तर त्रिकास्थीची पहिली. नडगीची आतली बाजू आणि मांडीचा पुढचा भाग, जिना उतरताना गुडघा दगा देतो, तर कंबरेची चौथी. घरी दोन गोष्टी तपासून पाहा. दहा पावलं फक्त टाचांवर चाला. मग भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा उचला. मग दुसऱ्या पायावर. दुखल्यामुळे थांबलात तर काळजी कमी. दुखत नाही पण पाय उचलतच नाही, पाऊल फरशीवर फटफट आपटतं, चप्पल नकळत निसटते, असं असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. दुखणं सहन करत थांबता येतं. जोर जात असताना थांबू नये.

हाताचंही असंच गणित आहे. अंगठा मानेच्या सहाव्या नसेचा, मधलं बोट सातव्या, करंगळी आठव्या. हात डोक्यावर ठेवल्यावर कळ कमी होत असेल तर उगम मानेत असण्याची शक्यता वाढते.

नस नुसत्या दाबाने दुखत नाही. चकतीतला गर बाहेर आला की तो रासायनिक दाह करतो, त्यातूनच पहिल्या काही दिवसांची आग येते. शरीर हा निसटलेला गर परका समजून हळूहळू खाऊन टाकतं. गंमत अशी की मोठा, पुरता सुटून आलेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. म्हणून सायटिकाच्या बहुतेक रुग्णांना 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय उतार पडतो.

सगळंच कण्याचं नसतं

गोव्यात हा भाग जरा ठासून सांगावा लागतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते गोव्यात: 26.4 टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारांतल्या एकाहून अधिक. देशाचा आकडा 11.4 होता. तेव्हा पायाला मुंग्या आल्या की मणक्याचा एक्स-रे काढण्याआधी साखर बघा.

ओळखायची खूण सोपी आहे. नस दबल्याच्या मुंग्या बहुधा एकाच पायात आणि पट्ट्यात असतात. मधुमेहाच्या मुंग्या दोन्ही तळव्यांपासून एकदम सुरू होतात, मोजा चढवावा तशा वर सरकतात आणि रात्री जळजळतात. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही हुबेहूब असंच होतं. रोजच्या दारूनेही होतं. एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि बी-12 या दोन रक्ततपासण्या, 10 ग्रॅमचा नायलॉन धागा तळव्याला टेकवून केलेली चाचणी आणि 128 हर्ट्झचा थरथरणारा नादकाटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवून बघणं: एवढ्यात बराच उलगडा होतो, एमआरआयच्या कितीतरी कमी खर्चात.

हातात अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू रात्री बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर नस मनगटात आवळली आहे. मनगट सरळ धरणारा पट्टा रात्री सहा आठवडे लावून पाहिल्याशिवाय मानेच्या मागे लागू नका. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि नुसतं उभं राहिल्यावर थांबतात, तर पायाच्या धमन्या तपासा. थांबून चालत नाही, वाकून किंवा बसूनच बरं वाटतं, तर कंबरेचा बोगदा अरुंद झालेला असू शकतो. अशी माणसं सायकल मजेत चालवतात, चालायला मात्र शंभर मीटर जमत नाही.

दुखत नाही, पण धोक्याचं

मानेत मज्जारज्जू दबला तर दुखेलच असं नाही, आणि त्यामुळेच तो वर्षभर लक्षात येत नाही. शर्टाचं बटण लावताना बोटं गोंधळतात. अक्षर बिघडतं. सुईत दोरा ओवता येत नाही. चालताना पाय ताठ आणि फेंगडे पडतात, अंधारात तोल जातो. मान पुढे वाकवली की पाठीतून पायापर्यंत वीज गेल्यासारखं होतं. साठीच्या माणसात हे 'वयोमानाने' म्हणून सोडलं जातं. मुठी उघडा-मिटा, दहा सेकंदांत किती वेळा होतात मोजा. 20 पेक्षा कमी भरल्या तर मज्जारज्जूतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्टला दाखवावं. अशा मानेला मसाज, झटका, वजन लावणं, काहीही करून घेऊ नये.

त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठायची लक्षणं वेगळी आहेत: सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही पायांतला जोर एकदम उतरणं. खालचा नसांचा झुबका चिरडला आहे याची ही खूण. इथे शस्त्रक्रिया पहिल्या 48 तासांत, जमेल तितक्या लवकर व्हावी लागते. उशीर झाला तर कळ जाते, पण लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाताना 'पाठ दुखते' एवढंच सांगू नका, 'लघवी अडली आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. याखेरीज ताप, घटतं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर कण्याच्या क्षयाची किंवा गाठीची शंका घ्यावी लागते. साठीच्या बाईला नुसत्या शिंकेने किंवा पाय घसरून पाठीत असह्य कळ आली तर ठिसूळ मणका दबलेला असू शकतो.

नारळ पाडताना माडावरून पडलेला पाडेली, कोंडीत सूर मारून डोकं आपटलेला मुलगा, पावसात स्कूटरवरून उडालेला माणूस: अशा वेळी मज्जारज्जू अपघाताने जेवढा दुखावतो, तेवढाच चुकीच्या उचलण्याने दुखावू शकतो. बगलेत हात घालून बसतं करू नका, पाणी पाजू नका. 108 लावा. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं धडाच्या रेषेत धरून ठेवायचं आणि गाडी येईपर्यंत सोडायचं नाही. आग, पाणी किंवा रस्त्यावरची वाहनं यांमुळे हलवणं भागच असेल, तर आणखी तिघांनी खांदे, कंबर आणि पाय धरायचे. डोकं धरणाऱ्याने तीन म्हटल्यावर सगळं शरीर ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं, खाली दार किंवा फळी सरकवायची आणि पुन्हा एकदम पाठीवर आणायचं. मान पिळली जाते ती तीन कुणी म्हटलं हे न ठरल्यामुळे. मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून श्वासाच्या पडद्याची नस निघते, तिथे दुखापत असेल तर श्वासच थांबतो. म्हणून छाती हलते आहे का याकडे डोळा ठेवा.

एमआरआयचा कागद

'डिस्क बल्ज', 'डीजनरेशन', 'गॅप कमी' हे शब्द वाचून लोक अंथरूण धरतात. 2015 साली 33 अभ्यास एकत्र करून पाठ अजिबात न दुखणाऱ्या 3110 माणसांचे फोटो तपासले गेले. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, ऐंशीच्या वयात 96 टक्के. चकतीचा फुगवटा विशीत 30 टक्क्यांना, ऐंशीत 84 टक्क्यांना. यातल्या कुणालाच दुखत नव्हतं. फोटोतली नस आणि तुमच्या मुंग्यांचं बोट जुळलं तरच त्या कागदाला अर्थ. डाव्या बाजूची चकती दिसते आणि दुखतो उजवा पाय, तर त्या चकतीचं ऑपरेशन करून काय मिळणार? धोक्याची लक्षणं नसतील, तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची गरज बहुधा नसते.

पहिले पंधरा दिवस

आडवं पडून राहणं एक, फार तर दोन दिवस. त्याहून जास्त पडून राहिलात तर स्नायू सुस्तावतात आणि उठणं आणखी अवघड होतं. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, कंबर आणि गुडघे दोन्ही काटकोनात. दर दोन तासांनी दहा मिनिटं. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. शेक दिवसातून तीन वेळा, पंधरा मिनिटं. मधुमेही असाल तर पिशवी आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून तापमान बघा, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. पाच मिनिटं चालणं, दिवसातून पाच-सहा वेळा, दुसऱ्या दिवसापासूनच.

पॅरासिटामॉल साध्या कंबरदुखीत फारसं काम करत नाही, हे 2014 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या थोडा उतार देतात, पण मूत्रपिंड, जठर आणि बीपी यांच्या तक्रारी असणाऱ्यांनी त्या स्वतःहून घेऊ नयेत. आयुर्वेदातल्या कटीबस्तीची (कंबरेवर कोमट तेल ठेवण्याची) ऊब स्नायूंना बरी वाटते. तिने चकती आत जात नाही. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं आपल्याकडे अजून सर्रास चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या शिफारशींत दोन्ही नकोत असंच म्हटलं आहे. पट्टा आठवडाभर धीर देतो, एवढंच.

उचलणं, झाडणं, स्कूटर

1999 साली जर्मनीत उल्म इथे एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत दाब मोजायची सुई ठेवून नोंदी केल्या गेल्या. आडवं पडल्यावर 0.1 मेगापास्कल, उभं राहून 0.5, टेका न घेता बसून 0.46. म्हणजे नुसतं बसणं चकतीला उभं राहण्यापेक्षा जाचक नाही. 20 किलो वजन पाठ गोल करून उचललं तेव्हा 2.3, गुडघे वाकवून उचललं तेव्हा 1.7, आणि तेच वजन छातीशी धरल्यावर 1.1. माणूस एकच, पण उतरंड बोलकी आहे: गुडघ्यांइतकंच वजन अंगाजवळ असणंही महत्त्वाचं. स्वयंपाकाचा सिलिंडर भरलेला असताना 14.2 किलो गॅस आणि लोखंड मिळून 30 किलोच्या आसपास जातो. तो हात लांबवून ओढायचा नाही. जवळ जाऊन, एक पाय पुढे ठेवून, पोटाशी घेऊन उचलायचा, आणि वळताना कंबर पिळण्याऐवजी पावलं वळवायची. नारळांच्या पोत्याचंही तेच. एकाच पोत्यात साठ भरण्यापेक्षा तीस-तीसची दोन करा.

सकाळी चकती पाण्याने फुगलेली असते, तेव्हा उठल्यावर पहिला तास-दोन तास खोल वाकणं टाळा. आपल्याकडे नेमकं त्याच वेळी अंगण झाडलं जातं, माडाच्या हिरांच्या आखूड केरसुणीने, कंबरेतून दुमडून. केरसुणीला बांबूचा दांडा बांधून ती छातीपर्यंत उंच करा, किंवा झाडणं नाश्त्यानंतर ठेवा. ज्यांची कंबर सकाळीच धरते त्यांना एवढ्यानेही फरक पडतो.

मडगाव-पणजी रोज स्कूटरने करणाऱ्यांनी बसण्याच्या 'योग्य' पद्धतीपेक्षा हादऱ्यांची काळजी करावी. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच, जास्त नको. मागचा शॉकअब्सॉर्बर तेल गळत असेल तर बदलून घ्या. पावसाळी खड्डा दिसला की पायांवर भार देऊन सीटवरून अंगुळभर उठा, म्हणजे धक्का गुडघे झेलतात. लॅपटॉपची बॅग पाठीऐवजी गाडीवर ठेवा.

व्यायामात तीन पुरतात. एक: पाठीवर झोपून एक गुडघा मुडपा, तळहात कंबरेखाली, आणि डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम उचला. दोन: कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांवर अंग तोलून कंबर वर. तीन: चार पायांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवा, मग उलट. प्रत्येक स्थिती दहा सेकंद. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन. चूक बहुधा तीच होते: पहिल्यात मान ओढली जाते, दुसऱ्यात श्वास कोंडला जातो, तिसऱ्यात कंबर एका बाजूला कलते. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला आहे असं समजून करा. आणि चाला. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 701 जणांच्या एका चाचणीत, हळूहळू वाढवत आठवड्याला पाच दिवस तीस मिनिटं चालण्याचं ध्येय ठेवणाऱ्या गटात दुखणं परत यायला मध्यक (म्हणजे अगदी मधल्या माणसाला) 208 दिवस लागले. काहीच उपाय न दिलेल्या गटात 112.

मान मोडून घेणं

कंबरेच्या दुखण्यात शिकलेल्या हाताने केलेल्या दाबाने-झटक्याने थोडा आराम मिळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर सांगितलेल्या शिफारशींतही मान्य आहे. पण 'कट' आवाज हा मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांध्याचे पृष्ठभाग झटकन लांब झाले की आतल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो. 2015 साली चालू एमआरआयमध्ये हे बोटांच्या सांध्यात प्रत्यक्ष टिपलं गेलं. तोच सांधा वीसेक मिनिटांनी पुन्हा वाजतो, कारण बुडबुडा विरघळलेला असतो.

केस कापल्यावर सलूनमध्ये फुकट मिळणारा मानेचा झटका मात्र नाकारा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात, आणि अचानक पिळल्यावर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं. हे क्वचित होतं, पण चाळिशीच्या आतल्या धडधाकट माणसालाही होतं. झटक्यानंतर काही तासांत किंवा काही दिवसांत मानेच्या एका बाजूला कधी नव्हे अशी कळ, गरगरणं, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास किंवा चालताना झोक जाणं, यातलं काहीही झालं तर मान पुन्हा बसवायला जाऊ नका. 108 लावा, आणि पहिलं लक्षण किती वाजता दिसलं ते घड्याळात बघून लिहून ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला डॉक्टरांच्या हाती त्या क्षणापासून साधारण साडेचार तासच असतात.